कारंज्याच्या वेशी आणि पलीकडची माणसे

कारंजा लाडच्या जुन्या वस्तीला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. पोहा हे शेजारचे खेडे. दारव्हा आणि मंगरूळपीर बैलगाडीच्या टप्प्यातली गावे. दिल्ली मात्र सातपुडा चढून, नर्मदा उतरून, माळवा मागे टाकल्यावर येते. तरी खेड्याला आणि राजधानीला इथे सारखाच मान मिळाला आहे. दरवाजातून बाहेर पडणारी वाट ज्या गावाला जाते, त्याचे नाव दरवाजाला. औरंगाबादेत पैठण दरवाजा आहे, दिल्ली दरवाजाही आहे. खुद्द दिल्लीत अजमेरी आणि काश्मिरी दरवाजे आहेत. गावाभोवती तट बांधायचा तो परक्याला अडवायला, आणि त्या तटाच्या तोंडावर नाव कोरायचे तेही परक्याच्याच गावाचे, ही रीत मला फार समजूतदार वाटते.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत एक बोलणे हमखास ऐकू येते. पूर्वी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, जाणे-येणे किती सोपे होते, पेनगंगेच्या पलीकडे निम्मे सोयरे होते, कानडी मुलखातून यात्रेकरू यायचे, बंजाऱ्यांचे तांडे उतरायचे, कोणी कोणाला तू कुठला म्हणून अडवत नव्हते. या बोलण्यात हळहळ असते आणि ती खोटी नसते. पण पूर्वी म्हणजे कधी? आणि सोपे म्हणजे कोणाला? कारंज्याच्या वेशींतून कोण आले, कोण गेले, त्यांना वाटेत काय द्यावे लागले, याचा माग काढला तर त्या हळहळीतले खरे किती ते कळते.

गावाच्या नावातच बाहेरून आलेली माणसे आहेत. लाट म्हणजे दक्षिण गुजरात. तिकडून आलेल्या लाड व्यापाऱ्यांचे हे कारंजे, असे मानतात. बघेरवाल जैन राजस्थानातून आले. त्यांच्यातल्या लेकुर संघई नावाच्या सावकाराची कथा कारंज्यात अजून सांगतात. कस्तुरीचे उंट घेऊन एक व्यापारी गावात आला आणि एवढा माल घेईल असा कोणी इथे आहे काय, असे त्याने विचारले. संघईने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात कालवली. कस्तुरीची हवेली म्हणून ती प्रसिद्ध आहे. कथा वाढवून सांगितलेली असेल, पण हिमालयातली कस्तुरी उंटावरून वऱ्हाडातल्या गावात विकायला येते, यात ऐकणाऱ्याला काही नवल वाटत नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या व्यापाऱ्यांच्या मागोमाग त्यांचे धर्मगुरू आले. दिगंबर जैनांच्या भट्टारकांच्या तीन परंपरा कारंज्यात नांदल्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. तिघांची तीन मंदिरे आजही आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहायला लांबून लोक येतात. यांपैकी बलात्कारगणाचे भट्टारक कारंज्यात राहत, पण बिरुद लावत मळखेडच्या सिंहासनाचे. त्यांचे मूळ पीठ मळखेडला होते. विद्याधर जोहरापूरकरांनी १९५८ साली ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात या साऱ्या परंपरांची लेखी साधने एकत्र केली, तेव्हा हे नाते कागदावर आले.

मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. आज ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. कागिणा नदीच्या काठी किल्ला उभा आहे. कारंज्याहून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याचे, त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या दरबारात कन्नडातला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ‘कविराजमार्ग’ तयार झाला. त्याच मान्यखेटात, दहाव्या शतकात, पुष्पदंत नावाचा कवी आला. कोणापुढे मान न तुकवणारा हा मानी माणूस भरत नावाच्या मंत्र्याच्या आश्रयाला राहिला आणि त्याने ‘महापुराण’ रचले. ते ९६५ मध्ये पुरे झाले. पुढे भरताचा मुलगा नन्न याच्या घरी राहून त्याने ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ लिहिले. कन्नड मुलखातल्या राजधानीत बसून त्याने लिहिले ते अपभ्रंशात, म्हणजे ज्या भाषावस्थेतून पुढे मराठी, गुजराती, हिंदी आकाराला आल्या, तिच्यात. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि ते वैभव संपले.

नगर लुटले गेले, पण काव्य टिकले, आणि त्याच्या टिकण्यात कारंज्याचा वाटा मोठा आहे. इथल्या मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखिते बासनांत बांधून ठेवलेली होती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपुरात छापली आणि कारंज्याच्या पोथ्यांकडे विद्वानांची नजर वळली. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन (हे वेगळे हिरालाल) यांनी कारंजा जैन ग्रंथमाला हाती घेतली. ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादिले, ते १९३१ मध्ये निघाले. ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैनांनी १९३३ मध्ये काढले. मान्यखेटात लिहिलेले काव्य हजार वर्षांनी वऱ्हाडातल्या एका गावाच्या नावाने छापून जगापुढे आले. मराठीच्या आधीची भाषा कशी होती हे शोधणाऱ्याला आजही त्या पुस्तकांपाशी यावे लागते.

ही देवघेव इथेच थांबत नाही. दिगंबरांचा सर्वांत जुना आगमग्रंथ ‘षट्खंडागम’ आणि त्यावरची ‘धवला’ टीका दक्षिण कर्नाटकात मूडबिद्रीच्या मंदिरात ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, शतकानुशतके बंद होती. तिथले लोक ती बाहेर जाऊ देत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या खटपटीने नकला बाहेर आल्या, आणि १९३९ मध्ये हिरालाल जैनांनी पहिला भाग छापला तो अमरावतीला. पाठ लावण्यासाठी ज्या नकला समोर ठेवल्या, त्यांत एक कारंज्याची होती, महावीर ब्रह्मचर्याश्रमातली. १९१८ मध्ये स्थापन झालेला हा आश्रम म्हणजे त्या काळातले गुरुकुल. कन्नड लिपीतला ग्रंथ, वऱ्हाडातली नक्कल, हिंदी भाषांतर, अमरावतीचा छापखाना. एवढे हात लागले तेव्हा ते पुस्तक झाले.

जैनांनी जी वाट दक्षिणेकडून उत्तरेकडे तुडवली, तीच एक मुलगा उलट दिशेने चालून गेला. चौदाव्या शतकात कारंज्यात माधव आणि अंबा या दांपत्याच्या पोटी नरहरी जन्मला. मुंजीनंतर त्याने घर सोडले, काशीला संन्यास घेतला, तीर्थे फिरला, आईबापांना भेटायला एकदा कारंज्याला परत आला आणि पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी असे मुक्काम करत भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूरला स्थिरावला. तेच दत्तावतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. मळखेड आणि गाणगापूर, दोन्ही एका जिल्ह्यात, आणि दोन्हींची नाळ कारंज्याशी. एक जैनांची, एक दत्तभक्तांची. दोन्ही गोष्टी मी स्वतंत्रपणे वाचत होतो; नकाशावर बोट ठेवले तेव्हा त्या इतक्या जवळ आलेल्या दिसल्या. कारंज्यातल्या शेजाऱ्यांनीही एकमेकांना हे कधी सांगितले असेल असे वाटत नाही.

‘गुरुचरित्र’ घरोघरी वाचले जाते. ते लिहिणारे सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कन्नड होती, आणि मराठी आपल्याला नीट येत नाही हे त्यांनी ग्रंथातच नोंदवले आहे. म्हणजे मराठी मुलखात जन्मलेल्या संन्याशाचे कार्य कानडी मुलखात झाले आणि त्याचे चरित्र कानडी बोलणाऱ्याने मराठीत लिहिले. त्या ग्रंथाच्या अखेरीस बेदरच्या बादशहाची कथा येते. नृसिंह सरस्वतींचा पूर्वावतार मानल्या जाणाऱ्या श्रीपाद श्रीवल्लभांची कुरवपूरला सेवा करणारा एक परीट पुढच्या जन्मी बेदरचा यवन राजा होतो. त्याच्या मांडीवर फोड होतो, वैद्य हरतात, तो गुरूंना शोधत येतो, बरा होतो आणि त्यांना पालखीतून आपल्या नगरीत घेऊन जातो. पारायणाला बसलेला माणूस हा अध्याय तितक्याच सोवळ्याने वाचतो. इतिहासात तो बहमनी सुलतान नेमका कोण, यावर वाद घालता येईल. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की पाच शतके मराठी घरांनी आपल्या सर्वांत पवित्र पोथीचा शेवट एका मुसलमान राजाच्या आणि हिंदू संन्याशाच्या स्नेहात पाहिला आणि त्यांना तो खटकला नाही. श्रीपादांचे जन्मस्थान पिठापूर आंध्रात, कुरवपूर कृष्णेच्या बेटावर कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेला, गाणगापूर कर्नाटकात, वाडी आणि कारंजा महाराष्ट्रात. दत्तभक्ताची ही वाट आज चार राज्यांतून जाते. कारंज्यातले गुरुमंदिर १९३४ मधले, तसे अलीकडचे. वाट त्याच्या कितीतरी आधीची.

इथवर सगळे गोडच वाटेल. म्हणून १६७० कडे यायला हवे. त्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली, आणि मग मराठी फौज बागलाण-खानदेशातून वऱ्हाडात शिरली. डिसेंबरात कारंजा लुटले गेले. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे उंची कापड, सोने, चांदी चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली, श्रीमंतांना खंडणीसाठी धरून नेले आणि आसपासच्या गावांकडून चौथाई देण्याचे करार लिहून घेतले. मोगलांच्या प्रांतातले श्रीमंत गाव म्हणून ही स्वारी होती. स्वराज्याच्या बाजूने पाहिले तर तो पराक्रम आहे. कारंज्याच्या सावकाराच्या ओट्यावर बसून पाहिले तर ती लूट आहे. दोन्ही खरे आहे, आणि महाराष्ट्रातल्या गावाने दोन्ही सांगायला संकोच करू नये.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे घडली. त्यानंतर काही वर्षांतच शीलविजय नावाचे श्वेतांबर जैन मुनी दक्षिणेच्या तीर्थयात्रेला निघाले आणि वाटेत कारंज्याला आले. त्यांच्या ‘तीर्थमाला’ या पद्य प्रवासवर्णनात कारंज्याच्या भोज संघवी या बघेरवाल धनिकाचे तोंड भरून कौतुक आहे. त्याचा व्यापार कर्नाटक, कोकण, गुजरात, पूर्व, माळवा, मेवाड असा पसरलेला होता, दानधर्म मोठा होता. पंथाने श्वेतांबर असलेला साधू दिगंबर सावकाराचे गुण गातो, आणि तेही नुकत्याच लुटल्या गेलेल्या गावात. गाव एका लुटीने बसले नाही, कारण त्याच्या वाटा अनेक दिशांना होत्या. एक तुटली तरी बाकीच्या चालू राहिल्या.

वाटा चालू ठेवणारी खरी माणसे म्हणजे बंजारा. रेल्वे येण्याआधी मीठ, धान्य, कापूस जे काही घाटावरून समुद्राकडे किंवा समुद्राकडून घाटावर गेले, ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून. नाईक पुढे, हजारो बैलांचा तांडा मागे. मोगल फौजा त्यांच्यावर जगल्या, मराठ्यांच्याही. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याला दाणागोटा पुरवणारेही तेच. ती मोहीम अडगाव आणि गाविलगडच्या लढायांनी वऱ्हाडातच संपली. एकमेकांच्या जिवावर उठलेले राजे तांड्याला मात्र सोडत, कारण त्याला अडवले तर दोघेही उपाशी मरणार. आजच्या वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजाऱ्यांचे मोठे तीर्थ आहे. १७३९ मध्ये जन्मलेल्या सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीला तेलंगण, कर्नाटक, आंध्र इथून गाड्या भरून लोक येतात. सगळे एकच गोरबोली बोलतात.

या समाजाचे पुढे काय झाले ते पाहिले की सीमा कशी वाढत जाते ते कळते. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, लदणीचा धंदा गेला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि हिंडणे हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या हिंडण्याचाच संशय धरला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला. पण राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि एकच समाज तीन याद्यांत वाटला गेला. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगण-आंध्रात अनुसूचित जमातींत. पोहरादेवीच्या एकाच मांडवात जेवायला बसलेले तीन चुलतभाऊ घरी परतले की सरकारदरबारी तीन निरनिराळ्या प्रकारची माणसे होतात. जुन्या राजांनी तांड्याकडून जकात घेतली, कधी बैलही हिसकावले असतील, पण नाईकाची ओळख बदलून टाकणे त्यांना कधी जमले नव्हते.

जकातीवरून मोगलाईकडे येतो. वऱ्हाड १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाकडे गेले. नागपूरकर भोसल्यांचाही त्यावर हक्क, म्हणून दुअमली: एकाच रयतेकडून दोन सरकारे वसूल करणार. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १९०२ मध्ये ते इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिले गेले आणि दुसऱ्या वर्षी मध्यप्रांताला जोडले गेले. नावाला मालकी निजामाचीच. १८५३ पूर्वी कारंजा, माहूर, हिंगोली, गाणगापूर, मळखेड सगळी हैदराबादच्या एका छत्राखाली होती. त्या सालापासून पेनगंगा ही सरहद्द झाली.

अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई. अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली. शंभर कलदार द्यायचे तर शंभराहून बरेच जास्त हाली मोजावे लागत. दर बाजारात वरखाली होई. पलीकडे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. १८०२ च्या व्यापारी तहाने जकातीला शेकडा पाचाची मर्यादा घातलेली होती. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाणारा वऱ्हाडी माणूस नदी उतरला की दुसऱ्या राज्यात. गाठोडे उघडून दाखवावे लागे, पण तू कोण आणि कशाला आलास हा प्रश्न सहसा नसे. पारपत्र नव्हते. पलीकडे दिलेल्या लेकीकडे दिवाळीचे कापड न्यायचे तर जकात भरा आणि जा. आमच्याकडच्या आठवणींत जे सोपे येणे-जाणे आहे ते या काळातले. ते फुकट नव्हते. पण पैसे भरून सुटता येत होते.

त्या सरहद्दीचा एक परिणाम मात्र कोणाच्या आठवणीत येत नाही. निजामाची रेल्वे पूर्ण्याहून हिंगोलीला १९१२ मध्ये आली आणि तिथेच थांबली. इंग्रजांची मुख्य लाइन अकोला-मूर्तिजापूरवरून त्याआधी जवळजवळ अर्धे शतक धावत होती. मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची गाडी आली, जिला लोक पुढे शकुंतला म्हणू लागले. पण हिंगोली आणि अकोला यांच्यामधले रूळ स्वातंत्र्यानंतर १९६० च्या सुमारास जोडले गेले. तोवर पेनगंगेवरून एकही आगगाडी या भागात गेली नाही. कारंज्याचा कापूस शकुंतलेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जाऊ लागला, आणि दक्षिणेची जुनी वाट ओस पडत गेली. दोन सरकारांचे भांडण नव्हते. फक्त कोणालाच तो मधला तुकडा जोडण्याची निकड नव्हती. मैत्री तुटायला वैर लागतेच असे नाही.

वैर आले ते १९४७-४८ मध्ये. निजाम भारतात यायला तयार नव्हता, रझाकारांचा जुलूम वाढला, आणि मराठवाड्यातली कुटुंबे बैलगाड्या जुंपून पेनगंगा उतरून वऱ्हाडात आली. उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा तळ होता. ज्यांच्या सोयरिकी अलीकडे होत्या त्यांना त्या वर्षी घर मिळाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. दरवर्षी त्या तारखेला मराठवाडा मुक्तिदिन होतो. त्यानंतरच्या दिवसांत त्याच मुलखात निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले, हेही त्याच इतिहासात आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा ही नावे आहेत. ‘गुरुचरित्रा’तला राजा ज्या बेदरचा, तेच बिदर. गाणगापूर ज्या जिल्ह्यात, तोच गुलबर्गा. पारायण करणाऱ्या माणसाने ही ओळ वाचून क्षणभर थांबावे असे मला मनापासून वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा एकाच वेळी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि पेनगंगेची सरहद्द एका दिवसात मिटली. त्याच दिवशी हैदराबादचे कानडी जिल्हे म्हैसूरला गेले. माहूर कारंज्याला परत मिळाले. गाणगापूर आणि मळखेड दुसऱ्या राज्यात गेले. ज्या कायद्याने एक रेघ पुसली त्यानेच दुसरी ओढली. ही नवी रेघ भाषेची आहे, आणि भाषेची रेघ पाच टक्के भरून ओलांडता येत नाही. सीमावाद पेटला की दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या उभ्या राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये तसेच झाले. सीमाभागातल्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे आणि ते मांडलेच पाहिजे. पण ज्या भाषेची सर्वांत लाडकी पोथी कन्नड मायबोलीच्या माणसाने लिहून दिली, तिने शेजारणीशी बोलताना आवाज किती चढवायचा याचा विचार करावा.

आता वेशीपाशीच परत पाहायचे तर एक माणूस तिथे उभा आहे, ज्याचे नाव या हकिकतीत अजून आले नाही. वेसकर. रात्री वेस लावणे, उघडणे, आल्यागेल्याची खबर ठेवणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे ही कामे महारांकडे होती. दिल्लीहून आलेल्या परक्याला वेशीतून आत घेणारा तो. त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर. अमृतनाक महाराला बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिले ही कथा महाराष्ट्रभर सांगत. सांगणाऱ्याला आपले हक्क गावाकडे नव्हे, दूरच्या परधर्मी राजाकडे शोधावे लागले, यातच सगळे आले. कस्तुरीच्या व्यापाऱ्याला कारंज्याची वेस मोकळी होती. कर्नाटकातल्या भट्टारकाला, गुजरातच्या लाडाला, तांड्याच्या नाईकाला मोकळी होती. जो ती राखत होता त्याला ती बंद होती. पूर्वीचे दिवस किती मोकळे होते असे आपण म्हणतो तेव्हा हा माणूस आपल्या हिशेबात नसतो. माझ्या मते त्या हळहळीतली सर्वांत मोठी गफलत हीच. राज्याराज्यांमधली सरहद्द खरोखर सैल होती. गावातली घट्ट होती. दुसरी सैल करण्यासाठी जे झगडले त्यांच्यामुळे आपला काळ जुन्यापेक्षा चांगला आहे, आणि पहिली पुन्हा सैल करायची तर ती या बदलासकट करायची आहे.

आज कारंज्याहून हिंगोलीला, नांदेडला, माहूरला जायला काही आडकाठी नाही. नाका नाही, हाली-कलदार नाही. रस्ते रुंद झाले. शकुंतला मात्र बंद पडली आहे. मंगरूळपीरच्या हयात कलंदरांच्या दर्ग्यावर अजून सगळ्या जातीधर्मांची माणसे जातात. गुरुमंदिरात कर्नाटकातले यात्रेकरू येतात, प्रसाद घेतात, गाडीत बसतात. काष्ठासंघाच्या मंदिरात जैन यात्रेकरू येतात, दर्शन घेतात, गाडीत बसतात. दोघे एकाच जिल्ह्यातून आलेले असू शकतात आणि दोघांना ते ठाऊक नसते. वाट मोकळी झाली, पण वाटेत मुक्काम करणे संपले. जुना प्रवासी आठ-पंधरा दिवस वाटेवर असे, कोणाच्या तरी ओसरीवर झोपे, कोणाच्या तरी भाषेत पाणी मागे. ओळखी त्यातून होत.

तो जुना संथपणा काही मागे आणता येत नाही आणि कोणी आणूही नये. पण दोन-चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. पडझड झालेल्या वेशींची डागडुजी व्हावी, आणि ती चुना-सिमेंटापुरती नसावी. प्रत्येक वेशीपाशी तिची वाट कुठे जात होती, त्या वाटेने कोण आले, हे मराठीत, हिंदीत आणि कन्नडातही लिहिलेले असावे, आणि त्यात वेसकराचा उल्लेख असावा. कारंज्यातल्या हस्तलिखितांची छायाचित्रे मळखेड, मूडबिद्री इथल्या अभ्यासकांना सहज मिळावीत आणि तिकडची इकडे. शाळेच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात तशा पोहरादेवीला आणि माहूरलाही जाव्यात, देवदर्शनापुरत्या नव्हे, तिथे येणारी माणसे कुठून येतात हे मुलांनी त्यांना विचारावे म्हणून.

आणि वाचकहो, कारंज्याला गुरुमंदिरात आलात तर जुन्या गावात काष्ठासंघाच्या मंदिरापर्यंत जरूर जा. दत्तभक्त असाल आणि गाणगापूरला निघालात, तर कलबुर्गीहून मळखेडची बस धरा आणि कागिणेकाठचा तो किल्ला पाहून या. मळखेडला जाणाऱ्या जैन बंधूंनी गाणगापूरला एक मुक्काम करावा. तिथे कोणी कन्नडात विचारले की कुठून आलात, तर कारंज्याचे नाव सांगावे. दोन्ही ठिकाणच्या माणसांना ते ठाऊक असेल.